९५ ऑक्टेनने इथेनॉल टळत नाही
महागडं ९५ ऑक्टेन पेट्रोल भरलं की त्यात मिसळलेल्या इथेनॉलचा त्रास संपतो, असं काही जण म्हणतात; ते पटलं नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग, म्हणजे इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, सोसण्याची क्षमता. इथेनॉल मिसळल्यावर तो उलट वाढतोच. खात्री हवी तर काचेच्या मापात १०० मिली पेट्रोल, १० मिली पाणी घालून हलवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) असेल तर खालचा थर ३० मिलीच्या आसपास जातो.

गोव्यात खरा धोका उभ्या गाडीला. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, बोटीवर गेले की गाडी अख्खा पावसाळा अंगणात! इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते पाण्यासकट तळाशी बसतं आणि पंप नेमकं तेच खेचतो. ठेवण्याआधी टाकी काठोकाठ भरा, आत हवा कमी राहते. कार्बुरेटर असेल तर फ्लोट चेंबर (त्यातली पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा, जुन्या रबरी नळ्या बदलून व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घाला.