‘जुळणारा’, ‘एकसारखा’ की ‘जोडीचा’ प्रोसेसर?

प्रश्न

दोन सॉकेट (प्रोसेसर बसवण्याच्या जागा) असलेल्या वर्कस्टेशनमध्ये दुसरा प्रोसेसर कसा बसवावा, याविषयीची एक माहितीपुस्तिका मी मराठीत लिहीत आहे. दोन्ही प्रोसेसर ‘मॅच’ झाले पाहिजेत, ही त्यातली मुख्य सूचना. पहिल्या खर्ड्यात मी ‘दोन्ही प्रोसेसरची जुळणी करावी’ असे लिहिले, तेव्हा तो वाचणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, ‘प्रोसेसर तर तयारच येतो, त्याची जुळणी कसली?’ त्याची शंका रास्त होती. नेमका शब्द कोणता वापरावा?

प्रतिसाद १

‘जुळणी’ येथे चालणार नाही, कारण यंत्रजुळणी, अक्षरजुळणी या शब्दांमुळे सुटे भाग एकत्र बसवण्याचा अर्थ त्याला पक्का चिकटला आहे. ‘जुळणे’ हे क्रियापद मात्र मोकळे आहे. हिशेब जुळतो, दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळतात. तरीही ‘जुळणारा प्रोसेसर’ म्हटले की ‘कशाशी जुळणारा?’ हा प्रश्न उरतोच. इंटेलचे झिऑन ई५-१६५० आणि ई५-२६७० हे दोन्ही प्रोसेसर २०११ पिनांच्या एकाच सॉकेटमध्ये बसतात, म्हणजे सॉकेटशी दोन्ही जुळतात. पण त्या मालिकेत चार आकड्यांपैकी पहिला आकडा एका यंत्रात जास्तीत जास्त किती प्रोसेसर चालतील ते सांगतो, त्यामुळे १६५० कधीच जोडीने चालत नाही. मदरबोर्डाशी असलेल्या या नात्यासाठी ‘सुसंगत’ हा शब्द राखून ठेवावा.

प्रतिसाद २

मग सरळ ‘एकसारखे’ लिहावे. सर्वांना कळते.

प्रतिसाद ३

कळते, पण दोनदा वाचल्यावर. ‘दोन्ही प्रोसेसर एकसारखे चालले पाहिजेत’ हे वाक्य पाहा: ते सारख्याच वेगाने चालावेत की अखंड चालावेत? ‘एकसारखा पाऊस’ म्हणणाऱ्या भाषेत ही गफलत होणारच.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. ‘एकसारखे’ म्हटल्यावर वाचक कवचावर कोरलेले सांकेतिक क्रमांकही ताडून पाहू लागेल. ई५-२६७० च्या एका प्रतीवर एसआर०एच८ असते, दुसरीवर एसआर०केएक्स. पहिली सी१ स्टेपिंगची, म्हणजे चिपच्या आराखड्याच्या सी१ आवृत्तीची, दुसरी सी२ ची. दोन्हींत आठ गाभे (कोअर), २.६ गिगाहर्ट्झ वेग आणि २० मेगाबाइट कॅश. फरक इतकाच, की सी१ मध्ये आभासीकरणाच्या (एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याच्या) एका सुविधेत असलेला दोष सी२ मध्ये दूर केला गेला. लिनक्समध्ये ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडली, तर ‘स्टेपिंग’ या ओळीत पहिल्यासाठी ६ आणि दुसऱ्यासाठी ७ दिसतात, त्यामुळे बसवलेला प्रोसेसर ओळखण्यासाठी हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा भाग) काढून त्याखालची पेस्ट पुसण्याचीही गरज नसते. मॉडेल एकच असेल आणि बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) दोन्ही स्टेपिंगचे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांचे संच, असतील, तर अशा जोड्या सामान्यतः चालतात. एकच स्टेपिंग मिळाले तर उत्तमच. पण ती शिफारस झाली, अट नव्हे, आणि हा भेद ‘एकसारखे’ या शब्दात बुडून जातो.

माझे मत ‘जोडीचा’ या शब्दाला. ‘याच्या जोडीचा दुसरा आणा’ असे म्हटले, की पहिला समोर ठेवून दुसरा निवडायचा आहे, हे आपोआप सांगितले जाते. प्रोसेसर वाढवताना नेमके हेच घडते.

प्रतिसाद १

‘जोडीचा’ आवडला, पण एक हरकत. बुटांच्या जोडीत डावा आणि उजवा वेगळे असतात; कुलूप-किल्लीची जोडी तर अगदीच भिन्न. जोडी म्हणजे परस्परपूरकही. कोणी मंद प्रोसेसरला वेगवान प्रोसेसर ‘जोडीला’ दिला तर?

प्रतिसाद ३

म्हणूनच शब्दावर सगळा भार टाकू नये. पहिल्याच वापराला व्याख्या द्यावी. शिवाय ‘जोडीला’ आणि ‘जोडीचा’ यांत फरक आहे. जोडीला कोणीही येऊ शकते. जोडीचा म्हणजे तोलामोलाचा.

जाता जाता, ‘दुहेरी प्रोसेसर’ असेही लिहू नये. एकाच चिपमध्ये दोन गाभे असलेल्या प्रोसेसरशी त्याचा हमखास घोळ होतो. ‘दोन प्रोसेसरचे यंत्र’ पुरेसे आहे. ‘स्टेपिंग’ला ‘पायरी’ म्हणण्याचा मोहही टाळावा. तो चिपच्या आराखड्याच्या सुधारित आवृत्तीचा निर्देश आहे, चढउताराचा नव्हे.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. आता असे लिहिले आहे: ‘दुसरा प्रोसेसर पहिल्याच्या जोडीचा असावा, म्हणजे दोहोंचे मॉडेल एकच असावे; स्टेपिंगही तेच असल्यास अधिक चांगले. दुसऱ्या सॉकेटजवळच्या खाचांमध्ये मेमरीही बसवावी, कारण प्रत्येक प्रोसेसरचा मेमरी नियंत्रक स्वतंत्र असतो.’

प्रतिसाद २

‘दोहोंचे’ऐवजी ‘दोन्हींचे’ करा, बाकी ठीक.