१७अ : चोराला छत्री की नोकराला ढाल?

बांधावरचा :
भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७अ, म्हणजे सरकारी नोकराच्या कामातल्या निर्णयाची चौकशी करण्याआधी सरकारची परवानगी. त्यावर काल इथे एकाने लिहिलं, "सरकारची परवानगी असल्याशिवाय सरकारी माणसाची चौकशी नाही, म्हणजे चोराकडेच किल्ल्या. १७अ रद्द करा. प्रामाणिक माणसाला चौकशीची भीती कशाला?" या शेवटच्या वाक्याने डोकं सटकलं, म्हणून लांबण लावतोय.

प्रामाणिक माणसालाच भीती असते हो. माझे मेव्हणे उपअभियंता. सर्वात कमी दर भरलेल्या ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला बोगस निघाला, यांनी त्याला बाद केलं. त्याने अर्ज ठोकला की दुसऱ्याशी संगनमत आहे. चार वर्षं चौकशी. शेवटी दोन ओळींचं पत्र, "तक्रारीत तथ्य आढळून आले नाही." तोवर बढती गेली, मुलीच्या सोयरिकीत प्रश्न निघाले. त्यानंतर हा माणूस प्रत्येक फाइलवर फक्त "आदेशार्थ सादर" लिहून वर ढकलायचा. निवृत्त होईपर्यंत एकही निर्णय स्वतःच्या सहीने घेतला नाही.

आणि माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता? त्यांनी स्वतः पैसा खाल्ला असं कुणी सिद्ध केलं नाही, तरी कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात २०१७ मध्ये शिक्षा झाली. लाच घेणाऱ्याला पकडा, पण निर्णय चुकला म्हणून पोलीस दारात नकोत. १७अ एवढंच म्हणतं.

कोर्टकज्जा :
मेव्हण्यांबद्दल वाईट वाटलं. आता कायद्याचं बोलू. सीबीआयने बड्या अधिकाऱ्यांना हात लावण्याआधी विचारायचं, हा सरकारी फतवा सर्वोच्च न्यायालयाने विनीत नारायण प्रकरणात १९९७ ला उडवला. २००३ मध्ये तोच कलम ६अ म्हणून सीबीआयच्या कायद्यात घुसवला, सहसचिव आणि त्यावरच्यांसाठी. २०१४ ला घटनापीठाने तोही उडवला : भ्रष्टाचारी सगळे सारखे, हुद्दा बघून वेगळी वागणूक म्हणजे घटनेतल्या समानतेच्या कलम १४ चा भंग. मग २०१८ ला १७अ आलं, कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना. भेदभाव नको ना? घ्या, सर्वांनाच छत्री. बैल तोच, झूल नवी.

गुप्तांचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. याच कायद्याच्या जुन्या १३(१)(ड) मध्ये, म्हणजे पद वापरून कुणाला फायदा करून दिल्याच्या गुन्ह्यात, हेतू सिद्ध न करताही माणूस अडकायचा, हे खरं. पण तो भाग त्याच २०१८ च्या दुरुस्तीने काढला. काटा काढला, मग पायाला प्लॅस्टर कशाला?

बांधावरचा :
प्लॅस्टर तीन महिन्यांचंच आहे, फार तर आणखी एक. तेवढ्यात परवानगीचा निर्णय द्यावाच लागतो.

कोर्टकज्जा :
आणि नाही दिला तर परवानगी मिळाली असं समजायचं, हे कलमात कुठे लिहिलंय ते दाखवा. महाराष्ट्राने तर आधीच वर कडी केली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५६(३) खाली दंडाधिकाऱ्याने सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश द्यायचा तर आधी मंजुरी, अशी राज्याची दुरुस्ती होती. तुमचे मेव्हणे कुठल्या खात्यात होते हो?

बांधावरचा :
घरच्यांवर यायचं कारण नाही. नाव घेतलं नाही, घेणारही नाही.

सातबारा_उतारा :
तुम्ही दोघे वरच्या मजल्यावर भांडताय. १७अ सापळ्याला लागूच नाही. लाच घेताना जागेवर पकडायला परवानगी लागत नाही. म्हणजे पाचशे घेणारा जिन्याखाली सापडतो, आणि पाच कोटींचा निर्णय फिरवणाऱ्याला आधी विचारायचं, "साहेब, चौकशी करू का?" लाच टेबलाखाली घेणारे गरीबच असतात, श्रीमंतांची निर्णयातच मुरते.

माझंही ऐका. वडील गेले, वारस नोंदीला दोन हजार मागितले. (आता तलाठी म्हणायचं नाही, ग्राम महसूल अधिकारी. नाव लांबलं, काम तिथेच.) दिले. महिन्याने डोकं फिरलं, तक्रार करायला निघालो, तर वकील म्हणाले सात दिवस उलटून गेलेत, आता तुम्हीही गुन्हेगार. दबावाखाली दिले आणि सात दिवसांत कळवलं तरच सुटका, हेही २०१८ चंच. फेरफार धरायला महिना लागतो आणि राग यायला फक्त सात दिवस?

चष्मा_शोधतोय :
आणि ईडीचं काय? दहा वर्षांत पाच हजारांवर प्रकरणं आणि दोषसिद्धी ४०, हे सरकारनेच २०२४ ला संसदेत सांगितलं. जामीन घेताना आपणच निर्दोष आहोत हे न्यायालयाला पटवायचं.

कोर्टकज्जा :
तो वेगळा धागा आहे. तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन, इथे नको.

पंच_क्र_१ :
सापळ्याचा विषय निघालाय म्हणून. मी दुसऱ्या खात्यातला लिपिक. २०१३ ला साहेबांनी सांगितलं, "लाचलुचपतवाल्यांना पंच हवाय, जा." नाही म्हणायची सोय नाही.

नोटांना अँथ्रासीन पावडर लावली. सिनेमात हात गुलाबी होतात, आमच्याकडे काही गुलाबी झालं नाही. ती पावडर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तक्रारदाराच्या वरच्या खिशात नोटा ठेवल्या आणि बजावलं, मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. इशारा ठरला : डोक्यावरून हात फिरवायचा. हा बाबा एवढा घाबरलेला की जिन्यातच दोनदा फिरवला. खालचं पथक धावतच आलं असतं, मी मानेने नको नको केलं.

नोटा घेतल्या, पथक आलं. खिडक्यांना वर्तमानपत्रं लावून अंधार केला आणि अतिनील दिवा लावला. त्या माणसाची बोटं, शर्टाचा खिसा, आतलं अस्तर, सगळं निळसर चमकत होतं. टेबलावर जेवणाचा डबा अर्धा उघडा होता. तो फक्त पाणी मागत होता.

अकरा वर्षं खटला चालला. सहा समन्स. दोनदा गेलो तर आरोपीचे वकील नाहीत, एकदा न्यायाधीश रजेवर. साक्ष झाली तेव्हा तक्रारदार फिरला, "नोटा उसन्याच्या होत्या." निर्दोष.

बांधावरचा :
बघा! अकरा वर्षं. आणि म्हणे प्रामाणिकाला भीती कशाला.

सातबारा_उतारा :
अहो, खिसा चमकत होता त्याचा! त्याला प्रामाणिक म्हणताय?

कोर्टकज्जा :
तक्रारदार फितूर झाला म्हणजे खटला बुडालाच असं नाही, नीरज दत्ता प्रकरणात घटनापीठाने २०२२ ला सांगितलंय. पंचाची साक्ष भक्कम असेल तर परिस्थितीजन्य पुराव्यावरही शिक्षा होते. तुम्ही साक्षीत कच्चे पडलात का?

पंच_क्र_१ :
कच्चा? अकरा वर्षांनी विचारतात, नोट उजव्या हाताने घेतली की डाव्या. तुम्ही मागच्या मंगळवारी काय जेवलात ते सांगा आधी. फुकटात कायदा शिकवू नका.

कोर्टकज्जा :
बरं. शब्द मागे घेतो.

बांधावरचा :
उपकार झाले. मीही एक मानतो : परवानगी त्याच सरकारकडे नको. बाहेरच्या कुणाकडे द्या, लोकायुक्तांकडे द्या. पण गाळणी हवीच. गाळणीच नको म्हणाल तर मेव्हण्यांची ती चार वर्षं आधी परत आणून द्या.

कोर्टकज्जा :
लोकायुक्तांचा कायदा महाराष्ट्रात १९७१ पासून आहे. रस्त्यावर दहा जणांना विचारा, त्यांचं काम काय ते. तरी खात्यापेक्षा बरे, एवढं मान्य. नाइलाजाने.

चष्मा_शोधतोय :
पंच, त्या डब्याचं काय झालं?

पंच_क्र_१ :
पंचनाम्यात डबा नव्हता. तिथल्या शिपायाने झाकण लावून कपाटावर ठेवला.