एकच रिक्षा दोनदा दिसते: द्वारका सर्कलवरचा एज सेटअप

एजवाला_नाशिक: मंडळी, तीन गाड्या आहेत. प्रत्येकीवर १६ चॅनेलचा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर), एक १०८०पी कॅमेरा, जेटसन ओरिन एनएक्स हा छोटा संगणक आणि ४जी सिम. नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या इमारतीत एज सर्व्हर (गाड्यांजवळच हिशेब करणारा संगणक) ठेवलाय, त्याला साधं फायबर कनेक्शन. पॉइंट क्लाउड (लायडारने टिपलेले बिंदू) एमक्यूटीटी या संदेश पद्धतीने तिथे जातो, तिथून तिघींनी पाहिलेलं एकत्रित चित्र गाड्यांना परत. तीन अडचणी: विलंब एरवी ६० मिलिसेकंद, मध्येच ६००. एकच रिक्षा मीटरभर अंतरावर दोनदा दिसते. आणि उड्डाणपुलावरचा ट्रक खालच्या चौकात दिसतो! सर्व्हर अजून जवळ, खांबावरच बसवू का?

पॅकेटराव: खांबावर बसवून काही होणार नाही. सिमचा डेटा आधी मोबाइल कंपनीच्या गेटवेला जातो, मग इंटरनेटवरून तुमच्या सर्व्हरकडे. गेटवे मुंबईत असेल तर द्वारकेचं पॅकेट मुंबई बघूनच द्वारकेला येणार. खरं तर तेवढं अंतर फायबरला दोन मिलिसेकंदांचंही नाही. वेळ खातात त्या रेडिओच्या आणि राउटरच्या रांगा. खरं एज हवं तर कंपनीने गेटवे स्थानिक द्यायला हवा, नाहीतर ५.९ गिगाहर्ट्झवरचा थेट गाडी-ते-खांब रेडिओ.

६०० चं कारण वेगळं. १६ चॅनेलचा लायडार सेकंदाला सुमारे ३ लाख बिंदू देतो, म्हणजे ७-८ मेगाबिट. अपलोडला एवढं सतत रेटलं की मॉडेममध्ये रांग लागते. वर एमक्यूटीटी टीसीपीवर (क्रम राखून पोचवणारा प्रोटोकॉल) चालतं, एक पॅकेट हरवलं की मागची सगळी थांबतात. कच्चा डेटा पाठवूच नका. ओळख गाडीतच करा आणि वस्तूंची यादी पाठवा: जागा, वेग, दिशा, आकार, प्रकार, अनिश्चितता. वस्तूमागे ४० बाइट धरले तर २० वस्तू, सेकंदाला १० वेळा, म्हणजे ६४ किलोबिट. युरोपच्या एत्सी मानकातला कलेक्टिव्ह पर्सेप्शन संदेश याच कल्पनेवर आहे. यादी यूडीपीने (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारा प्रोटोकॉल) पाठवा आणि उत्तर त्याच सॉकेटवर घ्या. सिम बहुधा नॅटमागे (कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे) असतं, सर्व्हरला बाहेरून गाडी गाठता येत नाही.

कालमान: दोन रिक्षांबद्दल आधी टाइमस्टॅम्प तपासा. तो पाठवतानाचा आहे की लायडारने टिपल्याचा? ओळखायला ८० मिलिसेकंद गेले आणि रिक्षा ताशी ४० ने चालली असेल तर तेवढ्यात ती ०.९ मीटर सरकते. स्टॅम्प टिपल्याच्या क्षणाचाच हवा. सर्व्हरवर कालमन फिल्टरने (वस्तूची जागा वर्तवणारं गणित) सगळ्या नोंदी एका क्षणाला आणा, मगच जुळवा.

घड्याळाला जीपीएसचा पीपीएस (दर सेकंदाचा ठोका) आणि क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) पुरे. पुलाखाली मिनिटभर उपग्रह गेले तरी २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चुकणारा) क्रिस्टल १.२ मिलिसेकंदच चुकतो. तिथे खरा घोळ स्थानाचा: काँक्रीटवरून परावर्तित सिग्नल येतात आणि आरटीकेचा (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसचा) फिक्सही सुटतो. तेवढ्या पट्ट्यात आयएमयू (हालचाल मोजणारा सेन्सर), चाकांचा वेग आणि लायडार नकाशावर चाला. गाडीची दिशा १ अंश चुकली तर ५० मीटरवरची वस्तू ०.८७ मीटर सरकते, हे बहुतेक जण विसरतात.

ट्रकचं म्हणाल तर उंचीवर विसंबू नका, जीपीएसची उंची आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकते. कोणत्या रॅम्पने गाडी चढली त्यावरून रस्ता क्रमांक ठरवा आणि तो संदेशात घाला. पूल आणि सर्व्हिस रोड यांच्या नोंदी एकमेकींशी जुळवायच्याच नाहीत.

पॅकेटराव: अजून एक. सर्व्हरकडून आलेली वस्तू गाडीने स्वतः पाहिल्यासारखी परत पाठवू नये. नाहीतर एकाचीच बातमी तिघांच्या तोंडून येते आणि भुताटकीच्या रिक्षेवर सर्व्हरचा विश्वास वाढत जातो. फक्त स्वतःच्या सेन्सरच्या नोंदी पाठवा. ट्रॅक एकत्र करायचेच असतील तर कोव्हेरियन्स इंटरसेक्शन (एकच माहिती दोनदा न मोजणारी पद्धत) वापरा.

जुळवणीला सरसकट २ मीटरची मर्यादा लावली असेल तर काढा, सिग्नलला खेटून उभ्या दोन मोटरसायकली एक होतील. महालनोबिस अंतर (अनिश्चिततेच्या मापात मोजलेलं अंतर) घ्या.

एजवाला_नाशिक: स्टॅम्प पाठवतानाचाच होता. कॅमेऱ्याचाही. जुन्या नोंदी किती वेळाने टाकून द्यायच्या?

कालमान: ३०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. आणि या डेटावर चालकाला इशाराच द्या, ब्रेक मात्र गाडीच्या स्वतःच्या सेन्सरवरच.