सीड मनी की मार्चएंडचा प्रिंटर?

कृष्णाकाठी: काल इथे कुणीतरी लिहिलं, कॉलेजांनी तरुण प्राध्यापकांना लाखभर सीड मनी, म्हणजे संशोधन सुरू करायला पहिला पैसा, द्यावं, त्यातूनच मोठे प्रकल्प उभे राहतात. सांगलीत बसून हे वाचलं आणि राहवलं नाही. हा पैसा नॅकच्या, म्हणजे कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या, अर्जातला रकाना भरायला निघतो हो! फेब्रुवारीत मंजुरी, 31 मार्चच्या आत बिलं लावा. आमच्या विभागात त्यातून काय आलं? प्रिंटर. आणि एक पेपर, तोही पैसे भरून छापलेला.

पेवातली_हळद: तुमच्याकडे प्रिंटर आला म्हणून सगळ्यांचं बंद? 2023 च्या कायद्याने संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं अनुसंधान प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत 50,000 कोटींचा आराखडा. पण तिथे रिकाम्या हाताने गेलं तर कोण विचारतंय? प्राथमिक डेटा लागतो. हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, आणि गोदामातली राजापुरी हळद शेजारी ठेवून कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, मोजायचं होतं. बाहेरच्या लॅबमधून एचपीएलसी, म्हणजे त्याची मशीनवरची चाचणी, करून घेतली, पदरचे पैसे घालून. बारा सँपल झाली आणि गाडीचा हप्ता चुकला.

वखारभाग: पेवं राहिलीत किती? 2005 च्या पुरात पाणी शिरलं, तिथेच कंबर मोडली. आजोबा पेव उघडलं की वारं लागू देत, मग कंदील सोडत. कंदील विझला की कुणी उतरायचं नाही. आत हवाच नाही, तर कीड कुठून लागणार? त्याला कसलं मशीन!

पेवातली_हळद: कीड न लागणं वेगळं, कर्क्युमिन टिकणं वेगळं. दुसरं तुमच्या आजोबांनी मोजलं होतं का?

वखारभाग: आजोबांवर जायचं काम नाही. हळद मोडून रंग बघून भाव सांगायचे. तुम्ही पेवात कधी उतरलात?

पेवातली_हळद: उतरलोय. दोनदा.

तासिकावाला: चालू द्या तुमचं. मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. अर्ज करायला गेलो तर "फक्त कायम शिक्षकांसाठी". लॅबमध्ये विद्यार्थ्यांसोबत उभं कोण राहतं? आम्हीच.

कृष्णाकाठी: हे मात्र खरंय. आणि पेववाले, हळद वर्ष-वर्ष साठवायची, पैसा मार्चएंडला परत. मोजणार कधी?

पेवातली_हळद: म्हणून तर तीन वर्षांचा द्या म्हणतोय! बंद करा कुठे म्हणतोय?

कृष्णाकाठी: बरं बाबा, द्या तीन वर्षांचा. तोवर आमचा प्रिंटर घेऊन जा. टोनर तुमचा.