गुऱ्हाळावरची शॉर्ट फिल्म, एडिटला बसल्यावर आवाजानं घाम फोडलाय

काहील_कट:
मंडळी, कॉलेजसाठी १२ मिनिटांची फिल्म केलीय, आजोबा आणि नातू, सगळं गुऱ्हाळावर. कागलकडं ओळखीच्यांचं गुऱ्हाळघर मिळालं, व्हिडिओ फोनवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. आता ७ मिनिटांचा एक सलग टेक आहे त्यात सुरवातीला वाजवलेली टाळी चित्रात आणि आवाजात जुळवली की ओठ बरोबर, पण शेवटाकडं आजोबा तोंड मिटून काकवीकडं बघत बसलेत आणि आवाज आपला बोलतोयच. दुसरं म्हंजे घाण्याचं इंजिन. शूटला वाटलेलं की असूदे, नॅचरल वाटंल, आता प्रत्येक कटला इंजिन एकदम मोठं बारीक होतंय. सबमिशनला ९ दिवस राहिलेत. कुणी सांगा रे काहीतरी.

टाइमलाइनची_तालीम:
भावा आधी ती फोनची क्लिप मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघ, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मोडसमोर व्हेरिएबल, म्हंजे बदलता, दिसणार, पैज लाव. फोन उजेड कमी झाला, तापला, की फ्रेम कमीजास्त करतोय आणि एडिटिंग सॉफ्टवेअर धरून चालतंय की सगळं एकसारखं आहे. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ कन्व्हर्टरमधनं कॉन्स्टंट, म्हंजे एकसारखा, करून घे, क्वालिटी चढी ठेव, मग टाळीवर जुळव. त्यानंतरही थोडं सरकलं तर रेकॉर्डर आणि फोन दोघांची घड्याळं वेगळी चालत्यात म्हणून, तिथं मधल्या एखाद्या गप्प जागेवर आवाज कापून सरकवायचा, कुणाला कळत नाही. आमच्या पोरांनी मागच्या वर्षी निम्मा एडिट झाल्यावर हे केलं आणि सगळे कट परत बसवावे लागले. म्हणून आत्ताच कर, उद्या नको.

रंकाळा_रात्री:
चुलवाणाजवळ तापलाच असणार की फोन 😄
इंजिनचं सांगतो. नॉइज रिडक्शन लय ओढू नको, आजोबा पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यागत वाटतील. उलट इंजिन वाढव. म्हंजे डायलॉग नसलेला इंजिनचा मिनिटभर आवाज घे, तो सगळ्या सीनखाली सलग, बारीक अंथर, कट त्याच्यात लपत्यात. तसला सुटा आवाज घेतलायस का? नसंल तर गाडीला किक मार आणि कागलला जा, हंगाम चालू आहे तोवर.

जुना_प्रोजेक्टर:
जुने चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरातच कॅमेरा स्वतः तयार केला, पण तेव्हाचे त्यांचे मूकपट, त्यांना हा आवाजाचा ताप नव्हता. तो ताप प्रभात फिल्म कंपनीला, १९३२ ला कोल्हापुरातच बोलपट केला कंपनीनं.
असो. घरातला सीन ट्यूबलाइटखाली घेतला असशील तर पडद्यावर पट्टे फिरतात का बघ. आपली वीज ५० हर्ट्झ, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद नसेल तर ते पकडलं जातं. एडिटमध्ये पूर्ण जात नाही. आणि फुटेजची दुसरी कॉपी कुठं आहे? प्रोजेक्ट फाइल सेव्ह केली म्हणजे फुटेज सेव्ह झालं असं समजणारे मी तीन बघितलेत.

काहील_कट:
पट्टे आहेत सर 🙏 तो सीन ३ शॉटचाच आहे, परत घेतो. कॉपी काल केली, खरं सांगायचं तर तुमचं वाचूनच.
व्हेरिएबलच निघालं. कॉन्स्टंट केल्यावर शेवटाला जेमतेम दोन फ्रेमचा फरक राहिला. इंजिनचा सुटा आवाज पण आणला, गुळव्या म्हणाला नुसता आवाज न्यायला आलास व्हय, वर ढेप दिली.
पण एका सीनला इंजिनपुढं शब्दच कळत नव्हते म्हणून डबिंग केलं, आमच्या गल्लीतल्या बंद ओम्नीत, चारी बाजूनं गोधड्या लावून. आवाज एकदम स्वच्छ आला पण चित्रावर ठेवला तर हास्यास्पद! चित्रात त्या सीनमधल्या काकांच्या मानेच्या शिरा ताणल्यात आणि आवाज देवघरात बसल्यागत मऊ. काकांना म्हटलं जरा जोरात, तर म्हणाले, "इथं इंजिन कुठाय, उगंच वरडू कशाला?"

रंकाळा_रात्री:
बरोबर आहे की त्यांचं. हेडफोन लाव काकांना आणि तू आणलेलं इंजिन मोठ्यानं सोड कानात.

काहील_कट:
लावला. दुसऱ्याच टेकला ओके. फक्त गल्लीतली दोन माणसं धावत आली, वाटलं ओम्नीत भांडण चाललंय.