कुत्री फिरताना भयंकर ओढते: काय घ्यावं आणि कसं शिकवावं?

राणीची_माणसं
आमची राणी लॅब्रडॉर आहे, दीड वर्षाची, वजन २८ किलो. घरात गुणी बाळ. बस, थांब, सोड, सगळं कळतं. पण दाराबाहेर पाऊल टाकलं की आम्ही कुणीच नसतो तिच्या लेखी. फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत मी अक्षरशः फरफटत जाते. गळ्यात साधा पट्टा आहे. त्याने खोकते, घशातून घरघर येते, तरी ओढायचं थांबत नाही. सकाळी सासूबाई नेतात आणि त्यांचा खांदा आधीपासून दुखरा आहे.
एकच वस्तू घेता येईल एवढंच बजेट आहे. प्रशिक्षक लावणं सध्या शक्य नाही, तेवढं सोडून सांगा.

हस्कीवाले_काका
प्रशिक्षक लावा. बाकी सगळं वरवरचं. आमचा हस्की आज मोकळा सोडला तरी पायाला पाय लावून चालतो, लोक थांबून बघतात. आणि हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे, चुकूनही घेऊ नका. बर्फावर गाडी ओढायला कुत्र्यांना हार्नेसच घालतात, ते का याचा विचार करा.

मृण्मयी_४
काका, ते हार्नेस वेगळे. पाठीवर हुक असला की कुत्र्याला छातीचा जोर लावून ओढायला सोयीचं पडतं, हे खरं. पण छातीवर हुक असलेले हार्नेस मिळतात. ओढलं की दोरीचा ताण कुशीला येतो आणि कुत्रं आपोआप तुमच्याकडे वळतं. आमच्या बीगलचं ओढणं पहिल्याच फेरीत अर्ध्यावर आलं. घेताना पट्टा आणि अंग यांत दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवा आणि काखेत घासत नाही ना ते बघा. आमच्याकडे तिथले केस गेले होते.

अल्सेशियन_प्रेमी
हेड हॉल्टर घ्या. नाकावरून आणि कानामागून जातो. डोकं वळलं की अंग वळतं, मोठ्या कुत्र्याला दोन बोटांनी धरता येतं. सासूबाईंसाठी तर हाच.

चिंटूपिंटू
तोंड बांधून फिरवायचं? बिचारीला धापा टाकता येतील का?

अल्सेशियन_प्रेमी
तो मझल नव्हे हो! तोंड पूर्ण उघडतं, पाणी पिता येतं, चेंडू पकडता येतो. फक्त सवय हळूहळू लावावी लागते. आधी नुसतं नाक घालायला शिकवायचं, दर वेळी खाऊ द्यायचा. थेट घालून बाहेर काढलं तर पंजाने ओरबाडून काढते. आणि त्याला हिसका कधीच द्यायचा नाही, मानेला इजा होते.

दणकट
एवढी चर्चा कशाला? आतून काटे असलेला पट्टा घाला, दोन दिवसांत सरळ येते. आमच्या रॉटवायलरला तोच आहे.

शांत_शेपूट
कृपा करून हे ऐकू नका. तो पट्टा दुखतो म्हणूनच काम करतो. समोर दुसरं कुत्रं दिसलं, ही पुढे झेपावली आणि मान दुखली, असं वारंवार झालं की तिच्या डोक्यात दुसरं कुत्रं म्हणजे दुखणं हेच पक्कं होतं. मग नुसतं ओढणारं कुत्रं अंगावर धावून जायला लागतं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत या पट्ट्यांवर बंदी आहे. साध्या पट्ट्याचंही सांगते: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळपट्ट्याला ओढ बसल्यावर कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला दिसला, हार्नेसने तसा वाढला नाही. राणी पट्टा नसतानाही खोकत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता शिकवण्याचं. ती ओढते, कारण ओढल्यावर पोचता येतं. खांबाचा वास हवा, ओढलं, मिळाला. त्यातही कधी मिळतं, कधी नाही, असं असलं तर सवय आणखी चिवट होते. म्हणून घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा: दोरी ताठ, तर पाय बंद. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही, नुसतं उभं राहायचं. ती वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, दोरी सैल पडेल, त्या क्षणी "शाब्बास" म्हणून चालायला लागायचं.

पण नुसतं थांबून भागत नाही, ती कुठे असायला हवी तेही तिला कळलं पाहिजे. वाटाण्याएवढे खाऊचे तुकडे घ्या आणि तुमच्या गुडघ्याशी, पायाला हात लागून, तिथेच द्या. हात पुढे लांबवून दिलात तर ती पुढेच राहायला शिकेल. सुरुवात घरातल्या बोळात करा, मग अंगणात, मग फाटकाबाहेरच्या चार पावलांत. फाटकावरच ती तापलेली असते, त्यामुळे पहिला धडा तिथेच आहे. कडी काढताना दोरी ताठ झाली की कडी परत लावायची. रस्त्यावर ती दोरीच्या टोकाला पोचायच्या आत "चल" म्हणून उलट दिशेला वळा. आणि वास घेऊ द्या! सैल दोरीने पाच पावलं चालली की "जा, हुंग". लॅबला खाऊइतकंच हे बक्षीस मोठं आहे.

बाबा_पगचे
खाऊ म्हणून मनुके बरे पडतात, खिसा चिकट होत नाही.

शांत_शेपूट
मनुके नको! द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उकडलेल्या चिकनचे तुकडे द्या, नाहीतर तिच्या रोजच्या जेवणातलेच दाणे काढून ठेवा.

बाबा_पगचे
आमचा वर्षभर खातोय, काही झालेलं नाही.

मृण्मयी_४
कुणाला थोड्यातही त्रास होतो, कुणाला होत नाही, आधी सांगता येत नाही. आजच बंद करा, प्लीज.

पळापळ
रोज पळवा, दमली की कशाला ओढेल? मी सायकलला बांधून नेतो.

चिंटूपिंटू
पळवून दम वाढतो फक्त, मग दुप्पट जोराने ओढतात. आमचा अनुभव.

गोदाकाठ
छातीवर हुक असलेला हार्नेस घ्या. वर कुणी सांगितलं असेल तर माफ करा, सगळं वाचलेलं नाही. आपोआप लांब होणारी चाकातली दोरी मात्र नको. तिला कायम ताण असतो, म्हणजे ओढलं की दोरी वाढते हेच कुत्रं शिकतं. सहा फुटांची साधी दोरी बरी. हाताला गुंडाळून घेऊ नका, माझ्या भावाचं बोट असंच मोडलं.

टायगरची_ताई
हार्नेसवाल्यांनी एक सांगितलंच नाही. आमचा टायगर फटाक्याला घाबरून मागे मागे सरकला आणि हार्नेसमधून सुटला. हातात रिकामे पट्टे! तेव्हापासून हार्नेस आणि गळपट्टा यांना जोडणारी छोटी पट्टी लावतो.

राणीची_माणसं
सगळ्यांचे आभार. राणीला डॉक्टरांना दाखवलं, घसा ठीक आहे, खोकला पट्ट्याचाच आहे.
ठरलं ते असं: पाठीवर हुक असलेला साधा हार्नेस घेतला. कुणीच तो सुचवला नाही, पण माझा विचार सांगते. फिरणं रोज व्हायलाच हवं आणि प्रत्येक फेरीत थांबत बसायला वेळ नाही. म्हणून हुक पाठीवर असेल तेव्हा नेहमीचं फिरणं, ओढली तरी घसा सुरक्षित. दोरी गळपट्ट्याच्या हुकाला लावली की धडा, तिथे ताठ दोरीला एकही पाऊल नाही. सकाळची फेरी आता माझ्याकडे. सासूबाई अंगणात खाऊ देऊन गुडघ्याशी चालायला शिकवताहेत. त्यांच्यात माझ्यापेक्षा खूप जास्त धीर आहे आणि राणी त्यांचं ऐकतेही.

हस्कीवाले_काका
म्हणजे ओढण्याची मुभा दिलीत. परत इथेच याल.

शांत_शेपूट
मला पटलं. दोन हुक, दोन नियम, हे कुत्र्यांना कळतं. फक्त सरमिसळ होऊ देऊ नका. धडा सुरू असताना ती फारच तापली तर लगेच पाठीच्या हुकावर या, गळ्यावर ओढू देऊ नका. धडा लहान ठेवा. आणि हुक बदलताना तिचा गळपट्टा हातात धरून मगच दोरी काढा, रस्त्यावर तर नक्कीच.