रि.स.नं. म्हणजे काय हो काका?

बी-302 : मंडळी, कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन आपल्या सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, कागद लावतोय. आपल्या जागेला रि.स.नं. लिहिलंय, आणि गावाकडं करवीर तालुक्यात आमच्या सातबाऱ्याला गट नंबर. असं का? ए-101 चे काका, तुम्ही भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारे, होता, सांगा की.

ए-101 : रि.स.नं. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर. पहिल्या मोजणीनंतर फेरमोजणी झाली, त्यातला हा क्रमांक. गट त्याच्या नंतरचा. 1947 चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. मग गावोगाव एकत्रीकरण योजना राबवली, बारके तुकडे एकत्र केले आणि त्या जुळणीला नवा नंबर दिला. तुकड्यांचा गट, म्हणून गट नंबर. जिथं योजना झाली नाही, तिथं जुनाच नंबर चालू राहिला.

सी-204 : आमच्या सासऱ्यांना नंबर कधीच पाठ नव्हता. वड्याकडची पट्टी, चिंचेचा माळ, असंच म्हणायचे.

ए-101 : ताई, तीच जुनी रीत. पेशवाईच्या कागदांत शेताला 'थळ' म्हटलंय, आपलं स्थळच ते. एकेका थळाला नाव असायचं. ती नावं घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या, नकाशावर सापडणार नाहीत.

बी-105 : आणि प्लॉट?

ए-101 : इंग्रजीतला जुना शब्द, मूळ अर्थ जमिनीचा लहान तुकडा. पुढं आराखड्यालाही तेच म्हणू लागले, नंतर गोष्टीच्या कथानकालाही.

सी-401 : काका, सातबाऱ्यावर 'आकार' असतो, तो क्षेत्रफळाचा ना?

ए-101 : नाही बाळा, पुष्कळजण इथंच फसतात. तो आकार रुपये-पैशात असतो, जमिनीवरच्या साऱ्याची, म्हणजे कराची, आकारणी. क्षेत्र हेक्टर-आर मध्ये वेगळं लिहितात. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा जरा मोठा, 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. मोजणी मुळात साऱ्यासाठीच सुरू झाली. भूकरमापक या शब्दातच बघा, भू आणि मापक यांच्या मधे 'कर' बसलाय.

बी-302 : हे कुणी सांगितलंच नव्हतं. काका, आपल्या नंबरापुढं तिरकी रेघ मारून 2 लिहिलंय.

ए-101 : तो हिस्सा नंबर. अर्जात नुसता मूळ नंबर घालू नका, रेघेसकट लिहा. नाहीतर शेजाऱ्याच्या हिश्शाचा उतारा हातात येईल. उद्या सकाळी कागद घेऊन घरी या, मी चष्मा लावून बघतो.